मोडेमचा ड्रायव्हर

सोलापुरातील वैशाखाच्या दुपारी विंडोज ९८ वर चालणारा जुना संगणक उघडून त्याच्या मोडेमची चिप भिंगाखाली न्याहाळली, तेव्हा तीवर ‘ल्युसेंट’ ही पुसट अक्षरे दिसली आणि डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळ्या प्रश्नचिन्हाआड दडलेल्या उपकरणाची ओळख एकदाची पटली. नियंत्रणाचे काम संगणकाच्या प्रोसेसरवर सोपवणारी ही विनमोडेमची जात. ड्रायव्हरवाचून ती सर्वस्वी मूक. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केल्यावर ज्या यंत्रांनी टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी जग आणले, त्यांचे दप्तर इतक्या सत्वर गहाळ व्हावे, याचा मला मनस्वी विषाद वाटतो. नव्या पेठेतील एका वृद्ध कारागिराने जपलेल्या सीडीवर ड्रायव्हरची योग्य आयएनएफ फाइल सापडली. ती बसवताच मोडेमने डायल टोन ओळखला. उद्या त्या सीडीची नक्कल करावयाची आहे.