ठोकून पाहावे

2024 सालच्या डिसेंबरातली 4 तारीख. सकाळचे साडेसात वाजत आले होते. मी ओट्याशी उभा राहून चहा गाळीत होतो, तोच फडताळातली भांडी एकाएकी किणकिणू लागली. चंद्रपुरात भांडी वाजण्याचे कुणाला कौतुक नाही. गावाला कोळशाच्या खाणींचा वेढा आहे. उघड्या खाणीत सुरुंग उडाला की खिडक्यांची तावदाने थरथरतात, भिंतीवरचा गणपती किंचित तिरका होतो आणि घरातले कुणीतरी उठून त्याला पुन्हा सरळ करते. पण सुरुंगाची वेळ दुपारची. सकाळी साडेसातला कुठला आला सुरुंग?

मी बाहेरच्या खोलीत आलो. बाबा खाटेवर बसले होते. त्यांचे वय नव्वदीला टेकलेले. ऐकू फारच कमी येते. दोन्ही तळहात त्यांनी खाटेच्या दांडीवर टेकवले होते आणि मान जरा कलती केली होती.

"हा आपला सुरुंग नाही," ते म्हणाले. "लांबून आला. आधी खाट गुणगुणली, मग हालली."

थोड्याच वेळात बातमी आली. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत लोकांना धक्का जाणवला होता. दहा वाजता गोव्याहून माझ्या मुलीचा फोन आला. तिला आजोबांचे वाक्य सांगितले, तर ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "बाबा, भूकंपातून दोन लाटा निघतात. एक ढकलत येणारी, ती वेगाने येते. दुसरी आडवी हालवणारी, ती मागून येते. मुलुगू आपल्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर. दोघींमध्ये वीस-पंचवीस सेकंदांचं अंतर पडणारच. पहिली लाट यंत्राला कळते, माणसाला सहसा कळत नाही. आजोबांना कळली!"

बाबांचे तळहात इतके शहाणे कसे झाले, ते सांगायचे तर मला त्यांच्या खाणीत उतरावे लागेल.

1956 पासून 1993 पर्यंत बाबा चांद्याकडच्या भुयारी खाणीत होते. (चांद्याचे चंद्रपूर पुढे झाले, बाबांच्या तोंडी अजून चांदाच आहे.) कोळसा काढला की डोक्यावरचे छत उघडे पडते. ते धरून आहे की सुटले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. मग सरदाराने पुढे व्हायचे, लांब सब्बल घेऊन छत ठोकायचे आणि ऐकायचे. टण्ण वाजले तर दगड एकसंध. बद्द वाजले तर वर कुठेतरी पापुद्रा सुटला आहे, पोकळी झाली आहे. तिथून माणसे मागे घ्यायची. एका हाताने ठोकताना दुसऱ्या हाताचा तळवा छताला लावायचा. कान फसतो, तळवा फसत नाही, असे बाबा म्हणत. आधाराला जंगलातून आलेल्या लाकडी बल्ल्या असत. त्याही मोडण्याआधी कुरकुरतात. लाकूड बोलते, दगड बोलत नाही. त्याला विचारावे लागते.

ही विचारण्याची सवय बाबा घरी घेऊन आले. बाजारात टरबूज ठोकून घेत, कुंभाराकडे माठ ठोकून घेत, नवी भिंत दिसली की बोटाच्या पेराने तिची विचारपूस करीत. आम्हां भावंडांना खोकला झाला की पाठीवर दोन बोटे ठेवून तिसऱ्याने टिचकी मारीत. आम्हांला त्याचे हसू येई. पुढे कळले, की डॉक्टरांची ही विद्याही अशाच एका घरातून आली. आउएनब्रुगर नावाचा ऑस्ट्रियन वैद्य खानावळवाल्याचा मुलगा होता. पिंपात दारू किती उरली आहे ते पिंप ठोकून ओळखतात, हे त्याला ठाऊक होते. तीच रीत त्याने माणसाच्या छातीला लावली आणि 1761 साली तिच्यावर पुस्तक लिहिले.

माझी मुलगी समुद्रविज्ञान शिकायला गोव्याला गेली आणि समुद्राच्या तळाखालचा शिलारस शोधणे हा विषय तिने घेतला, तेव्हा घरात पहिला प्रश्न तिच्या आईने विचारला, "म्हणजे ज्वालामुखीत उतरायचं?" दुसरा प्रश्न बाबांचा, "खालचं दिसतं कसं?"

"दिसत नाही, आजोबा. ठोकून पाहतात."

त्या दिवसापासून आजोबा आणि नात यांची एक जात झाली आणि आम्ही मधले लोक बाहेरचे ठरलो.

तिने सांगितले ते असे. जगातल्या महासागरांच्या तळाशी डोंगरांची एक अखंड रांग आहे, सुमारे पासष्ट हजार किलोमीटर लांब. तिच्या माथ्यावर पृथ्वीची साल दोन बाजूंना सरकते, खालून तापलेला शिलारस वर येतो, थिजतो आणि समुद्राचा नवा तळ होतो. आपल्या अरबी समुद्रातही तिची एक शाखा आहे. 1928 ते 1930 या काळात 'डाना' नावाच्या डॅनिश जहाजाने केलेल्या सफरीत ती लक्षात आली. सफरीचा खर्च बिअरच्या कारखान्यातून उभ्या राहिलेल्या कार्ल्सबर्ग निधीने उचलला होता, म्हणून त्या डोंगराचे नाव कार्ल्सबर्ग! तिथे तळ वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर रुंदावतो. आपली नखेसुद्धा त्याहून जरा लवकर वाढतात.

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे, असे मी म्हणालो, तर पोरीने मला वर्धा नदीपलीकडची शिबला-पारडीची वाट दाखवली. तिथे काळ्या दगडाचे षटकोनी खांब उघडे पडले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला, तो थिजताना आक्रसला आणि असा तडकला. तो काळा पसारा आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला येऊन संपतो. पूर्वेला, गडचिरोलीच्या जंगलाखाली, अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक आहे. लाव्हा पसरला त्या सुमारासच सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्या भूमीपासून सुटला आणि मधल्या फटीत ती सागरी रांग वाढत गेली. तेव्हा आमच्या पायाखालचा दगड आणि समुद्रातला तो डोंगर, दोघेही एकाच उलथापालथीच्या काळातले.

आता ठोकायचे कसे? जहाज पाण्यात दाबलेल्या हवेचा बार सोडते, दर काही सेकंदांनी एक. आवाज पाण्यातून तळात शिरतो, थराथरावर आपटून परत येतो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब दोरखंड तरंगत असतो, त्यात शेकडो कान गुंफलेले. काही यंत्रे थेट समुद्राच्या तळाशीही ठेवतात. घन दगडात आवाज वेगाने धावतो, वितळलेल्यात तो मंदावतो. शिवाय आडवी हालवणारी लाट पातळ पदार्थातून जाऊच शकत नाही. शिलारसावरून परतलेला पडसाद तर उलटा असतो. जिथे लाटेचा उंचवटा यायला हवा तिथे खळगा येतो.

"म्हणजे बद्द," बाबा म्हणाले.

"हो, बद्द."

या विद्येच्या मुळाशी भारताचे नाव आहे, हे ऐकून मला बरे वाटले. 1897च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करणारे रिचर्ड ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होते. दूरदूरच्या नोंदींमधून त्यांनी या लाटा वेगवेगळ्या ओळखल्या आणि 1906 साली पृथ्वीच्या पोटात एक निराळा गाभा आहे, हे दाखवून दिले. पृथ्वीला आतून पाहिलेले कुणी नाही. तिच्याविषयी जे कळले ते बरेचसे असे कान लावून कळले.

आणि ऐकल्यावर काय निघाले? पूर्वी वाटे, की डोंगराखाली उकळत्या रसाने भरलेल्या मोठमोठ्या गुहा असतील. 1980च्या दशकात पूर्व प्रशांत महासागरातल्या रांगेखाली ठोकून पाहिले, तेव्हा तळाखाली दीडएक किलोमीटरवर रसाचे एक पातळ, पसरट भिंग मिळाले. त्याच्याखाली सगळे तापलेले पण बरेचसे घट्ट, कणाकणांचे. हे मला समजेना, तेव्हा मुलीने तुपाची बरणी पुढे केली. खाली रवाळ कणी, वर पातळ तुपाचा थर. "हे तुमचं शिलारसाचं घर," ती म्हणाली. त्या वर्षी लाडू वळताना माझ्या बायकोने तीन वेळा तरी समुद्राचा तळ ढवळला.

जिथे रांग सावकाश रुंदावते, तिथे असा रस क्वचितच सापडतो. अटलांटिकमधल्या अशा एका रांगेखाली तो सुमारे तीन किलोमीटर खोल असल्याचे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सतीश सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केले. तसेच आपल्याही नशिबी असावे, असे कोणत्या विद्यार्थ्याला वाटणार नाही? मुलगी एका परदेशी जहाजाच्या जुन्या नोंदी तपाशीत होती. 2022च्या पावसाळ्यात एका रात्री तिचा फोन आला. आवाज आनंदाने फाटत होता. नकाशावर, डोंगराखाली नेमक्या जागी, एक उजळ रेघ उमटली होती.

मी पेढे आणायच्या गोष्टी करू लागलो. बाबांनी फोन मागून घेतला. तेव्हा त्यांना थोडेबहुत ऐकू येई.

"दुसऱ्या बाजूनं ठोकून पाह्यलं का, माय?"

ती हसली. म्हणाली, रेघ अगदी स्वच्छ आहे आजोबा. बाबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला त्यांचा थोडा रागच आला. म्हातारी माणसे आनंदावर विरजण घालतात, असे वाटले.

त्या दिवाळीला ती घरी आली, ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिने दुसऱ्या दिशेने गेलेल्या जहाजफेरीची नोंद काढून पाहिली होती. रेघ तिथे जुळत नव्हती. समुद्राच्या तळावर उंचसखल डोंगर असतात. बाजूच्या एखाद्या कड्यावरून परतलेला आवाज खालून आल्याचे सोंग घेतो. तिची रेघ म्हणजे असाच एक आगंतुक पडसाद होता. प्रबंधाचे एक प्रकरण फाडावे लागणार होते आणि एक वर्ष वाया जाणार होते.

"कुणाच्या लक्षात आलं असतं का?" मी हळूच विचारले. आज ते वाक्य आठवले की मान खाली जाते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे ती अंगणात पणत्यांजवळ बसून रडत होती. बाबा काठी टेकीत तिच्याजवळ जाऊन बसले. "काहून रडून राहिली, माय?" ते म्हणाले. आणि मग कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी तिला सांगितली. मी दारात उभा होतो.

1968 साल होते. दिवाळी चार दिवसांवर आलेली. जास्त टब भरायची वरून घाई होती. "सकाळी मी ते छत ठोकलं होतं. टणटण वाजलं. दुपारी आतल्या कोपऱ्यात जायचं होतं. म्हटलं, सकाळीच तर पाह्यलं, आता काय ठोकायचं? जोडीदार आत गेला. मी बाहेर उभा." बाबा थांबले. "बस, एवढंच. सब्बल माह्या हातातच होती."

मी त्या वेळी आठ वर्षांचा होतो. त्या दिवाळीत आमच्या दारात पणती लागली नव्हती, हे मला आठवते. बाबांना ताप आहे, असे आईने सांगितले होते. आणि त्यानंतर दरवर्षी घरातल्या फराळाचा पहिला डबा बाबूपेठेतल्या एका घरी जाई. बाबा स्वतः नेत. मीही दोन-चारदा बरोबर गेलो आहे. तिथल्या काकू डबा घेत, रिकामा कधी परत देत नसत. का जातो, हे मी चौपन्न वर्षांत विचारले नव्हते.

"काकूंना ठाऊक आहे?" मुलीने विचारले.

"तिला त्याच दिवशी सांगितलं," बाबा म्हणाले. "तिला नसतं सांगितलं, तर डबा कोणत्या तोंडानं नेला असता?"

मुलीने ते प्रकरण काढून टाकले. पुढचे दीड वर्ष तिने पुन्हा पहिल्यापासून नोंदी तपासल्या. तिला शिलारस मिळाला नाही. जिथे आहे असे वाटत होते तिथे तो त्या नोंदींत दिसत नाही, एवढेच तिच्या प्रबंधात आहे. परीक्षकांनी ते मान्य केले. ती म्हणते, रिकामी जागा रिकामी म्हणून नोंदवली, तर पुढचा माणूस तरी तिथे फसत नाही.

यंदा बाबांना बाबूपेठेपर्यंत चालवणार नाही. परवा फराळाचा पहिला डबा भरला, तेव्हा तो मुलीने उचलला. बाबा खाटेवर बसून पाहत होते. त्यांनी तिला जवळ बोलावले, डबा हातात घेतला आणि बोटाच्या पेराने झाकणावर ठोकले. मग कुशीवर ठोकले. ऐकू तर काही आले नसणार. पण तळहात डब्याच्या बुडाला लावलेला होता.

"भरलेला आहे," ते म्हणाले. "जा आता."