आधी बाई, मग वर्ग

सोमवार, ९ जून २०२५

सारसोळे गावठाणातल्या हॉलमध्ये आज वर्ग सुरू झाला. फरशीला ओल आली होती, म्हणून सतरंज्यांवर चटया टाकल्या. शाळा पुढच्या सोमवारी उघडतील, त्यामुळे नेरुळच्या आसपासच्या प्राथमिक शिक्षिका बऱ्याच आल्या. शिवाय दोन सर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि कोळीवाड्यातल्या तीन मावश्या. मावश्या दारातच थबकल्या. "आमाला जमंल ना बाय?" शिक्षिकांनी बसल्या बसल्या वह्या-पेनं काढली.

ओळखी झाल्यावर पहिल्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, पोरं पहिल्या तासाला एका जागी टिकत नाहीत. त्यांना शांत बसवायचं काहीतरी सांगा." बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मी सांगितलं, महिनाभर मुलांसाठी काहीही देणार नाही. वह्या पिशवीत ठेवा, इथे तुम्ही तुमच्यासाठी आला आहात.

थोडी नाराजी दिसली, आणि ती मला समजते. नोकरीत जे काही प्रशिक्षण मिळतं ते दुसऱ्याच दिवशी राबवायचं, फोटो ग्रुपवर टाकायचे, अहवाल भरायचा. स्वतःपुरतं काही शिकावं ही सवयच शिक्षकाकडून काढून घेतली गेली आहे. ती परत देणं हे मला या वर्गाचं पहिलं काम वाटतं.

बुधवार, ११ जून

काल वटपौर्णिमा. उपास झालेला, तरी जवळजवळ सगळ्या आल्या. आज पहिलं आसन, उभं राहणं.

शाळेत दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला उभं राहायला काय शिकवायचं, असं एका सरांनी विचारलं. मी म्हटलं, आता वजन कुठल्या पायावर आहे ते बघा. बहुतेकींचं एकाच पायावर होतं, दुसरा गुडघा सैल सोडलेला. फळ्यावर लिहिणारा खांदा कानाकडे चढलेला. पायाची बोटं आत वळलेली, जणू घसरायची भीती आहे. दोन्ही टाचांवर वजन आणून नुसतं थांबायला सांगितलं तर दोघींच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या.

मग हजेरी घ्यायला लावली. काल्पनिक वर्ग, मनाला येतील ती नावं, पण नेहमीच्या आवाजात. पहिल्या रांगेतल्या बाई सुरू झाल्या. एका श्वासात आठ नावं. पाचव्या नावापर्यंत आवाज छातीतून येत होता, सहाव्यापासून गळ्यातून. शेवटच्या नावाला मानेच्या शिरा ताणलेल्या स्पष्ट दिसल्या. श्वास संपला होता आणि आवाज ढकलत पुढे नेला जात होता. दिवसभर असंच बोलायचं, वर बाकांचा आणि रस्त्याचा गोंगाट. दिवाळीपर्यंत घसा बसतो, मग गरम पाणी, खडीसाखर, ज्येष्ठमध.

त्यांना म्हटलं, तीन नावं घ्या, तोंड मिटा, श्वास आपोआप येऊ द्या, ओढून घेऊ नका. तिसऱ्या खेपेला आवाज खाली उतरला आणि मोठाही झाला. बाई गप्प उभ्या राहिल्या, गळ्यावर हात ठेवून. म्हणाल्या, "इतकी वर्षं हे कुणी सांगितलंच नाही." मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. आवाजावर ज्यांचं पोट आहे त्यांना श्वास शिकवल्यावाचूनच आपण वर्गात पाठवतो.

मांडी घालून बसताना मात्र उलटाच प्रकार. शिक्षिकांचे गुडघे कमरेपेक्षा वर, पाठीला पोक. प्रत्येकीच्या बुडाखाली चादरीची जाड घडी दिली, दोघींना खुर्च्या दिल्या. कोळीवाड्यातल्या मावश्या भिंतीपाशी आरामात उकिडव्या बसल्या होत्या, टाचा पूर्ण टेकलेल्या. आयुष्यभर मासळीच्या टोपल्यांमागे बसून ते कमावलं आहे. आज त्याच सगळ्यांना बसायला शिकवत होत्या.

शनिवार, १४ जून

पाऊस. सगळ्यांना अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटं ठेवायला लावली. नाडी सापडायला वेळ लागतो, तेवढा दिला. मग सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना लांबतात. हे नैसर्गिक आहे आणि तरुण माणसात जास्त ठळक कळतं. नुकतीच नोकरीला लागलेली एक शिक्षिका डोळे मोठे करून म्हणाली, "हो की! थांबतोय जरा." निवृत्त काकांना फरक कळला नाही. त्यांना सांगितलं, वयानुसार तो कमी होतो, काळजीचं काही नाही.

एवढ्याने योगावरचं गूढतेचं ओझं उतरतं. योग असा शरीरावर तपासून बघण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाने सुरू केलं होतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम केलेला हा माणूस बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचे एक्स-रे काढून बघत होता. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसनात शरीरात काय होतं ते मोजायचं आणि छापायचं. पुढे शाळांसाठी सांघिक योगव्यायामाची पद्धतही त्यांनी बसवली. वर्गात हे सांगितलं तेव्हा दोन्ही सर सरसावून बसले. शिक्षकांना शिक्षकाचं पटतं.

सोमवार, १६ जून

शाळा उघडल्या. निम्मा वर्ग आलाच नाही. आलेल्यांना फक्त आडवं केलं आणि पाय खुर्चीवर ठेवायला लावले. कुणी बोललं नाही.

बुधवार, १८ जून

आजचा दिवस कोळीवाड्यातल्या एका मावशींचा. त्या नेरुळच्या बाजारात मासळी विकतात. शवासनात त्यांचे डोळे टक्क उघडे, हात छातीवर आवळलेले. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "डोलं मिटलं का सगला घरच दिसतंय." घरात काय आहे ते मला ठाऊक आहे, इथे लिहिणार नाही.

नवख्यांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे डोक्यात ठेवायला हवं. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, मन शांत होईल, हे सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याच्या मनात भीती किंवा दुःख दडलंय त्याची छाती श्वासाकडे बघताना उलट भरून येते. अशा वेळी डोळे उघडे ठेवू द्यायचे, कुशीवर वळू द्यायचं आणि लक्ष शरीराच्या दूरच्या भागात न्यायचं, तळपायात किंवा तळहातात. नाहीतर बाहेरच्या आवाजाकडे. मावशींना मी म्हटलं, पत्र्यावर पाऊस ऐका, बाकी काही करू नका. त्यांनी तो ऐकला. हात सुटे झाले. डोळे मिटले नाहीत, मिटायची गरजही नव्हती.

शिक्षिकांनी हे पाहिलं ते बरं झालं. वर्गात डोळे न मिटणारं मूल असतंच, आणि त्याला "ए, डोळे मीट" म्हणून दटावलं जातं.

शनिवार, २१ जून

योग दिन. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला, २०१५ पासून दरवर्षी हा दिवस येतो. आमच्या सगळ्या शिक्षिका पहाटेपासून आपापल्या शाळांत, त्यामुळे वर्ग नाही. मला एका सोसायटीत बोलावलं होतं. मंचावरून जोरजोरात कपालभाती करून घेतली जात होती आणि खाली रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसं होती, हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. खाली उतरून एकेकाला थांबवलं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण, एवढं विचारल्याशिवाय कपालभाती सांगूच नये. विचारायला दोन मिनिटं लागतात.

एरवी या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. सामूहिक योगाचं महाराष्ट्राला वावडं कधीच नव्हतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, पण त्याआधी ते स्वतः रोज, वर्षानुवर्षं घालत होते. मुलांपुढे उभं राहण्याचा अधिकार त्यातून आला.

बुधवार, २५ जून

पुन्हा तोच प्रश्न: मुलांसाठी कधी? एका सरांनी राज्यातल्या 'मित्र' उपक्रमाचा विषय काढला. शाळेत मुलांकडून आनापान करून घ्यायचं, म्हणजे नाकपुड्यांपाशी नैसर्गिक श्वासाची नुसती नोंद ठेवायची. त्यामागे सत्यनारायण गोयंकांची विपश्यनेची परंपरा आहे. ब्रह्मदेशातून येऊन त्यांनी १९६९ च्या जुलैत मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. पुढे १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. या उपक्रमात शिक्षकांनी आधी स्वतः दहा दिवसांचं शिबिर करावं अशी अपेक्षा आहे, आणि मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ती गाळली की उरतो तो फक्त हाताची घडी, तोंडावर बोट.

मग मी त्यांना ब्रिटनमधल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. ऐंशीहून जास्त शाळा, अकरा ते चौदा वयाची ८ हजारांवर मुलं. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून मुलांना सजगतेचे धडे दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात जास्त फायदा काही दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. पण शिक्षकांचा थकवा कमी झाला आणि शाळेतलं वातावरण थोडं सुधारलं. वर्षभरात त्यातलाही बराचसा परिणाम ओसरला.

सर विचारात पडले. "म्हणजे औषध आम्हालाच लागू पडलं." मी म्हटलं, हो, आणि सोडलं तेव्हा उतरलंही. म्हणून हा वर्ग महिन्यापुरता ठेवायचा नाही.

सोमवार, ३० जून

हजेरीवाल्या बाई वर्ग संपल्यावर थांबल्या. मतदार याद्यांचं काम, ऑनलाइन माहिती भरणं आणि पहिलीतली ती नवीन मुलं. परवा एक मुलगा सारखा बाकावर चढत होता. ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की श्वास वर अडकलाय, दोन्ही टाचा उचललेल्या आहेत. टाचा टेकवल्या, श्वास सोडला, मग त्याचं नाव घेतलं. "ओरडले नाही असं नाही, पण कमी ओरडले. आणि तो उतरला."

मी त्यांना सांगितलं, मुलांसाठी तुम्ही जे मागत होता त्याची सुरुवात झाली.

शनिवार, ५ जुलै

उद्या आषाढी, त्यामुळे आज शाळांत दिंड्या. गावठाणातून छोटे वारकरी गेले, डोक्यावर तुळस, हातात टाळ. दोन शिक्षिका नऊवारीतच वर्गाला आल्या होत्या. इटलीतल्या डॉक्टरांच्या २००१ मधल्या अभ्यासाबद्दल त्यांना सांगितलं. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारते. एक बाई म्हणाल्या, आमची आजी हरिपाठ म्हणायची तेव्हा अशीच संथ व्हायची. त्यावर पुढे बरंच बोलणं झालं.

एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी दुपारी फोन केला. ऑगस्टपासून सगळ्या वर्गांना रोज पंधरा मिनिटं योग ठेवायचा आहे, वेळापत्रक बनवून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. दोन अटी घातल्या. आठवड्यातून एकदा शिक्षकांचा अर्धा तास, शाळेच्या वेळेत, त्याचा फोटो नाही आणि अहवाल नाही. आणि मुलांचा वर्ग दिवाळीनंतर, तोही ज्या शिक्षिका स्वतःहून तयार होतील त्यांच्याकडेच. विचार करून सांगतो म्हणाले. शाळेच्या वेळेतला अर्धा तास ही त्यांच्यासाठी खरोखर अवघड गोष्ट आहे, हे मी जाणते. तरी त्या अटीवरून मागे यायचं नाही, असं दोन्ही सरांचं आणि माझं ठरलं.

सोमवारी वर्ग नेहमीच्या वेळेला. आणखी चार खुर्च्या सांगितल्या आहेत, कोळीवाड्यातून नवीन दोघी यायच्या आहेत.