राजधानी आणि दिलेला शब्द

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' ही म्हण ज्या अनुभवी गृहस्थानें प्रथम उच्चारिली, त्याच्या मनांत चार खणांचें साधें घर असेल. परंतु राज्याच्या राजधानीस ती अधिकच लागू पडते. गृहस्थ आपल्या स्वतःच्या जागेवर घर बांधतो. राज्य राजधानी बांधतें तें बहुधा दुसऱ्याच्या शेतावर. आंध्र प्रदेशाची नवी राजधानी अमरावती हिची गेल्या दहा-अकरा वर्षांची हकीकत वाचतांना हा भेद माझ्या मनांतून जात नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही अमरावती म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील अमरावती नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. विजयवाड्याजवळ, कृष्णेच्या दक्षिण तीरावर, गुंटूर जिल्ह्यांत ती वसत आहे. तथापि ती आपणांस अगदींच परकी नाहीं. महाबळेश्वरास उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली या गांवांवरून जाणारी आपली कृष्णामाईच पुढें तिच्या उशाशीं वाहते. शिवाय ज्या सातवाहनांची राजधानी आपलें पैठण, त्यांच्याच राज्यांतील पूर्वेकडील धान्यकटक हें नगर या परिसरांतलें. त्याच्या शेजारीं बौद्धांचा महाचैत्य होता; त्यावरील कोरीव शिळा आज चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस वासिरेड्डी वेंकटाद्रि नायडू या जमीनदारानें आपलें ठाणें अमरावतीस हलविलें. त्या वेळीं नव्या इमारतींसाठीं लोकांनीं या जुन्या स्तूपाचे दगड उचलून नेले. नवें नगर वसवितांना कोणाचें कांहीं तरी मोडतें, ही गोष्ट त्या भूमीस नवी नाहीं.

आंध्रांची राजधानीची कथा ही वारंवार बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाची कथा आहे. १ ऑक्टोबर १९५३ रोजीं मद्रास राज्यांतून आंध्र राज्य वेगळें निघालें. मद्रास शहर हातीं आलें नाहीं. मग कर्नूल येथें, कांहीं कचेऱ्या चक्क तंबूंत थाटून, कारभार सुरू झाला. १९५६ सालीं हैदराबाद मिळालें आणि सर्वांना वाटलें, आतां कायमचें घर झालें. पुढें अठ्ठावन्न वर्षांनीं, २ जून २०१४ रोजीं, तेलंगण वेगळें झालें आणि हैदराबाद त्याच्या वांट्यास गेलें. दहा वर्षें तें दोघांची समाईक राजधानी राहील, अशी कायद्यानें सोय केली होती. एकत्र कुटुंबांत वांटण्या झाल्या म्हणजे ज्याच्याकडे वाडा जात नाहीं त्याला कांहीं वर्षें माडीवर राहूं देतात, तसाच हा प्रकार. आपल्याकडे १९६० सालीं असेंच झालें. मुंबई आपल्याकडे राहिली आणि गुजराथनें गांधीनगर बांधलें. त्या वेळीं वाडा आपल्याला मिळाला होता, म्हणून बाहेर पडणाऱ्या भावाची अडचण आपणांस फारशी जाणवली नाहीं.

आंध्रच्या नव्या सरकारनें गुंटूर जिल्ह्यांतील २९ गांवांची निवड केली. मौज अशी कीं, केंद्र सरकारनें के. सी. शिवरामकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें, विजयवाडा व गुंटूर यांमधील सुपीक भूमीवर एकच मोठी राजधानी उभारूं नये, असा अभिप्राय २०१४ च्या ऑगस्टांतच दिला होता. तो बाजूस राहिला. जमीन सक्तीनें न घेतां 'लँड पूलिंग' म्हणजे जमिनींच्या एकत्रीकरणाची पद्धति अवलंबिली गेली. शेतकऱ्यानें आपली एकर जमीन द्यावी. सरकारनें तिच्या बदल्यांत रस्ते, पाणी, वीज यांनीं सिद्ध असा भूखंड परत द्यावा. कोरडवाहू एकरास राहण्यासाठीं १,००० व व्यापारासाठीं २५० चौरस वार. कृष्णाकांठच्या 'जरीबू' नांवाच्या बागाइती एकरास १,००० व ४५०. एकरांत ४,८४० चौरस वार असतात, म्हणजे परत मिळावयाचा तो चौथाईहून थोडा अधिक भाग. शिवाय दहा वर्षें दर एकरीं वर्षास अनुक्रमें ३० हजार व ५० हजार रुपये, दरसाल कांहीं वाढीसह. आणि भूमिहीन कुटुंबांस दरमहा २,५०० रुपये. या करारावर २८ हजारांहून अधिक शेतकऱ्यांनीं सुमारें ३४ हजार एकर जमीन दिली. पेनुमाका, उंडवल्ली अशा गांवांतून कित्येकांनीं नकारही दिला. २२ ऑक्टोबर २०१५ रोजीं, विजयादशमीच्या मुहूर्तावर, पंतप्रधान मोदी यांच्या हस्तें पायाभरणी झाली.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांना हा विषय अपरिचित नव्हता. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आधीं जनपद कसें वसवावें हें सांगितलें आणि मग दुर्ग व नगर यांच्या रचनेकडे तो वळला. क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. आधीं नांगर, मग तट. अमरावतीच्या बाबतींत नांगर आधीं उचलावा लागला. ज्या भूमींत केळी, भाजी, फुलें अशीं वर्षांत एकाहून अधिक पिकें निघत, तीच भूमि सिंगापुरी तज्ज्ञांच्या नकाशावर २१७ चौरस किलोमीटरचें नगर झाली. जमीनमालकाला निदान भूखंडाची आशा होती. त्याच्या शेतावर रोजानें राबणाऱ्या मजुराला ती दरमहाची रक्कम तेवढी उरली.

२०१९ पर्यंत वेलगपुडीस सचिवालय व विधानसभा यांच्या तात्पुरत्या इमारती झाल्या आणि नेलपाडूस उच्च न्यायालय सुरू झालें. मग सरकार बदललें. त्या वर्षीं १७ डिसेंबर रोजीं मुख्यमंत्री जगन मोहन रेड्डी यांनीं विधानसभेंत तीन राजधान्यांची कल्पना मांडली: कारभार विशाखापट्टणास, विधिमंडळ अमरावतीस आणि न्यायालय कर्नूलला. बांधकामें थांबलीं. मोठ्या इमारतींच्या पायांत पाणी सांचलें आणि भोंवतीं झाडोरा माजला.

मीं तीस वर्षें संस्कृताबरोबर भूगोलही शिकविला आहे. २०२० च्या जानेवारींत माझ्या पुतण्याची मुलगी परीक्षेच्या तयारीची वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, पुस्तकांत आंध्रची राजधानी एक आहे आणि वर्तमानपत्रांत तीन. मीं काय लिहूं?" मीं म्हटलें, "विधानसभा जेथें भरते आहे तेंच लिही, बाळ." तिनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग पेन्सिलीनें लिहितें; बदललें तर खोडतां येईल." पोर हंसत निघून गेली, मला मात्र त्या २९ गांवांतले लोक आठवले. त्यांनीं करारावर सही केली ती पेन्सिलीनें नव्हे.

दुसरी बाजूही न्यायानें ऐकली पाहिजे. रायलसीमा हा त्या प्रांताचा अवर्षणग्रस्त भाग. १९३७ च्या श्रीबाग करारांत किनाऱ्याकडील नेत्यांनीं रायलसीमेच्या नेत्यांस असें आश्वासन दिलें होतें कीं, राजधानी व उच्च न्यायालय यांपैकीं एक तुमच्याकडे येईल. कर्नूलची मागणी या जुन्या शब्दावर उभी आहे. म्हणजे येथें एका बाजूस शब्द आणि दुसऱ्या बाजूस लहर असा सामना नसून, दोन शब्द एकमेकांसमोर उभे ठाकले आहेत. घराच्या कर्त्या पुरुषानें नवें वचन देण्यापूर्वीं, आपल्या वाडवडिलांनीं कोणास काय कबूल केलें होतें याची वही चाळावयास पाहिजे. ती २०१४ सालीं चाळली गेली असती तर बराच अनर्थ टळता. परंतु जुनें ऋण फेडण्यासाठीं नव्या धनकोस बुडवावें, असें कोणत्याही धर्मशास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

या विषयीं माझें मन इतकें हळवें कां, याचें कारण आमच्या घरांत आहे. माझ्या तीर्थरूपांचा नदीकांठचा तीन एकरांचा मळा एका धरणाच्या पाण्याखालीं गेला. बदल्यांत लाभक्षेत्रांत जमीन मिळेल, असें एका कचेरीनें लेखी कळविलें होतें. तो कागद वडिलांनीं देव्हाऱ्याखालच्या पेटींत जपून ठेविला. दर दोन-तीन वर्षांनीं साहेब बदलत, वडील धुतलेलें धोतर नेसून, कागद घेऊन जात आणि नवे साहेब तो वाचून म्हणत, "हें आमच्या आधींच्या साहेबांनीं लिहिलें आहे." अठरा वर्षांनीं जमीन मिळाली ती माळाची, आणि तोंवर वडील राहिले नव्हते. मळा गेल्याची त्यांनीं कधीं तक्रार केली नाहीं. खालच्या गांवांना पाणी मिळेल, असेंच ते म्हणत. त्यांना झोंबे तें 'आधींच्या साहेबांनीं' हे दोन शब्द. "साहेब बदलतो, सरकारही बदलतें काय रे?" असें ते मला विचारीत. मी त्यांच्यासमोर मान खालीं घालून बसें.

अमरावतीच्या शेतकऱ्यांनीं हाच प्रश्न रस्त्यावर उतरून विचारला. त्यांत बायका पुढें होत्या, हें विशेष. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं निघून, सुमारें दीड महिना पायीं चालत ते तिरुपतीस गेले. त्याच महिन्यांत सरकारनें तीन राजधान्यांचा कायदा मागें घेतला. ३ मार्च २०२२ रोजीं उच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, राजधानी अमरावतीसच विकसित करावी आणि शेतकऱ्यांचे भूखंड तीन महिन्यांत सिद्ध करून द्यावे. पुढें सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील मुदतींना स्थगिती दिली. २०२४ च्या जूनमध्यें चंद्राबाबू नायडू पुन्हां मुख्यमंत्री झाले. झाडोरा तोडला गेला, पाण्यांत राहिलेल्या पायांची तज्ज्ञांकडून तपासणी झाली, जागतिक बँक व आशियाई विकास बँक यांनीं कर्जें मंजूर केलीं आणि २ मे २०२५ रोजीं कामांचा पुन्हां आरंभ झाला. त्याच वर्षीं आणखी हजारों एकर जमीन घेण्याचा विचारही सरकारनें पुढें आणला.

या शेवटच्या वार्तेनें मी थोडा थबकलों. नगर मोठें व्हावें, विमानतळ व्हावा, यांत वावगें कांहीं नाहीं. पण पहिल्या ३४ हजार एकरांच्या धन्यास त्याचा भूखंड रस्त्यासह, पाण्यासह हातीं पडण्यापूर्वीं शेजारच्या गांवांत दुसरा करार घेऊन जाणें, हें जुनी उधारी न भागवितां नव्या दुकानीं खातें उघडण्यासारखें आहे. पायांत सांचलेलें पाणी पंपानें उपसतां येतें. पांच वर्षांत लोकांच्या मनांत जें सांचलें, तें भूखंडाचा ताबा हातीं आल्यावांचून ओसरणार नाहीं. म्हणून अमरावतीच्या भव्य विधानभवनाचीं चित्रें पाहण्यापेक्षां मला एकच बातमी वाचावयाची आहे: त्या २९ गांवांतील शेवटच्या शेतकऱ्यास त्याचा भूखंड मिळाला, आणि तो मिळतांना कोणा अधिकाऱ्यानें 'आधींच्या सरकारनें' हे शब्द तोंडांतून काढले नाहींत.