घोडे सुटे विकणे नाही

अमेरिकेतल्या जुन्या मेरी-गो-राउंडचे लाकडी घोडे बहुधा एकाच अंगाने नटलेले असतात. वाऱ्यावर उडणारी आयाळ, खोगिराची नक्षी, काचेचे खडे, सगळे उजवीकडे. डावीकडे कारागिराने हात आखडता घेतलेला. तिथले चक्र घड्याळाच्या उलट फिरते आणि उजवे अंग बघ्यांकडे येते. ब्रिटनमध्ये फिरण्याची दिशा उलटी, म्हणून सजते डावे अंग. थोडक्यात, छिन्नी लाकडाला लागण्याआधीच फिरण्याचा हिशेब झालेला असतो. संग्राहकाला मात्र घोडा हवा असतो तो सुटा, दिवाणखान्यात भिंतीशी उभा करायला. सुट्या घोड्यांची बेरीज अखंड चक्राच्या किमतीहून जास्त भरू लागली की मालकाला मोह होणारच. आगी आणि वादळांनी चक्रे गेली, तशी या बेरजेनेही गेली.

मार्थाज व्हिनयार्ड बेटावर, ओक ब्लफ्स गावातले 'फ्लाइंग हॉर्सेस' याच वाटेने जायचे होते. 1876 साली घडवलेले हे चक्र 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडहून बेटावर आले. घोडे सुटे विकले जाऊ नयेत म्हणून 1986 मध्ये तिथल्या वारसा-न्यासाने ते विकत घेतले. हे घोडे खालीवरसुद्धा होत नाहीत. खरी मौज कड्यांची. चक्राबाहेरून एक दांडा पुढे आलेला, त्याच्या टोकाशी एक कडी. घोडा जवळ येताच स्वाराने खांब धरून झुकायचे, बोटाचा आकडा करून कडी ओढायची. लगेच मागची कडी घरंगळत पुढे येते. पितळी कडी मिळाली की पुढची फेरी फुकट. सराईत पोरे एका झुकण्यात दोन-तीन कड्या लांबवतात, आणि मोठी माणसेही त्या पितळेसाठी लाज सोडतात.

फिरवल्याने लाकूड झिजते, असा आक्षेप येतो. झिजतेच. पण शेपटीचे केस बदलता येतात, रंगाचे थर दुरुस्त होतात. बंद पडलेल्या यंत्राकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही आणि त्याला वंगण घालणारा हातही उरत नाही. मग मूळ घोडे संग्रहालयात आणि फायबरच्या नकला चक्रावर का नकोत? अगदीच तडकलेल्या घोड्यापुरते मला मान्य आहे. सरसकट तसे केले, तर संग्रहालयात शिल्पे राहतील आणि किनाऱ्यावर नुसता पाळणा. तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खोटा नाही. त्यावर अमेरिकेतल्याच वॉच हिल गावाने, साखळ्यांना टांगलेल्या घोड्यांच्या चक्रावर, फक्त लहान मुलांनाच बसू द्यायचे असा तोडगा काढला. तेव्हा जतन करणाऱ्यांनी स्वार निवडावेत, वेग कमी करावा, हवे तर तिकीट वाढवावे. चक्र मात्र थांबवू नये.