लेखकाला फोन लावता आला तर

नवीन पुस्तकाबद्दल बोलायला बसवलं की आपले लेखक बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट करतात. एकतर सगळं कथानक सांगून मोकळे होतात, नाहीतर पुस्तक सोडून बाकीचंच बोलतात... कसं सुचलं, किती वर्षं लागली, प्रकाशक कसा भेटला. इंटरनेटवर असे कार्यक्रम आता पुष्कळ आहेत आणि मी ते आवडीने ऐकते. पण लक्षात राहतात ते थोडेच. ज्यात ऐकणाऱ्याने मध्येच काहीतरी विचारलं आणि लेखकाला क्षणभर थांबून विचार करावा लागला, तेवढेच.

आमच्या घरी रेडिओ म्हणजे पुणे केंद्र. ते १९५३ साली सुरू झालं. 'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर दीर्घकाळ तिथे ग्रामीण कार्यक्रम बघत होते. शेतावर ऐकणारा माणूस कसा बोलतो हे माहीत असलेला लेखक तिथे होता, हे केवढं भाग्य! पण भाषण असो की मुलाखत, ऐकणाऱ्याला उलट काही विचारायचं तर पत्र टाकून वाट बघायची.

मग २००६ साली अमेरिकेत ब्लॉगटॉकरेडिओ आला. स्टुडिओ नको, महागडी यंत्रं नकोत. टेलिफोनवरून कार्यक्रम करायचा, ऐकणाऱ्यांनीही फोन करून त्यात सामील व्हायचं. मोठ्या वाहिन्या ज्यांना कधी बोलावणार नाहीत असे कितीतरी लेखक तिथे आपल्या पुस्तकांवर बोलले. २०२५ च्या सुरुवातीला ते बंद पडलं. बोललेलं असं विरून जातं, पुस्तक तेवढं कपाटात राहतं. पण पुस्तकाला प्रश्न विचारता येत नाही ना!

हे मला नीट कळलं ते आत्यामुळे. आम्ही भरे गावात राहतो, मुळशी तालुक्यात. आत्याला काचबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून दुपारी मी तिला वाचून दाखवते. मध्यंतरी राजेंद्र व्होरांचं 'मुळशी सत्याग्रह' घेतलं होतं. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली आपल्याच तालुक्यात उभा राहिलेला शेतकऱ्यांचा लढा. सेनापती बापट तेवढे सगळ्यांना ठाऊक असतात, पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं काय?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आत्याने मला थांबवलं.

"अगं, त्या लिहिणाऱ्याला फोन लाव की."

"कशाला गं आत्या?"

"माझ्या सासूच्या माहेरची माणसं धरणापायी उठली. कुठं कुठं गेली, त्यांना ठावं असंल."

व्होरा पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. हे पुस्तक १९९४ मध्ये आलं, ते स्वतः २००८ साली गेले. मी आत्याला तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग मला ठावं हाय तेवढं त्यांना कोन सांगनार?"

मला वाटलं होतं, तिला फक्त विचारायचंय. तिला सांगायचंही होतं! सासूच्या तोंडून ऐकलेलं घर, अंगणातलं चिंचेचं झाड, निघताना बरोबर घेतलेलं जातं... १९९४ मध्ये असा एखादा फोन लावायचा कार्यक्रम असता, आणि आत्यासारख्या दहाजणी त्यावर बोलल्या असत्या, तर पुढच्या आवृत्तीत कदाचित एखादं पान वाढलं असतं.

म्हणून नवीन पुस्तकावर बोलणाऱ्या मंडळींना एवढंच सांगावंसं वाटतं. अर्धा वेळ तुम्ही बोला, पण अर्धा वेळ फोन मोकळा ठेवा. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यातलं कुणीतरी अजून ऐकत असेल.

असो. तूर्त आत्या सांगते आणि मी वहीत उतरवते. आपल्या नातेवाइकांपैकी कुणाला त्या घराचं काही आठवत असेल तर आत्यालाच फोन करा. दुपारी चारनंतर, तोवर आमचं वाचन चालतं.