बरखेड्याचे मुंगळे

हॉस्टेलवर कुणी विचारलं, "घरी पेट आहे का गं?" तर मी सांगायचे, "हो, मुंगळे." मग कुणीतरी ते जुन्या सिनेमातलं गाणं म्हणायचं, सगळ्या हसायच्या आणि विषय तिथेच संपायचा. आज नीट सांगते, कारण आता ते मुंगळे घरी नाहीत. आणि ते घरही आमचं राहिलेलं नाही.

घर म्हणजे भोपाळला बरखेड्यात, भेलच्या टाउनशिपमधलं क्वार्टर. पप्पा नोकरीसाठी वसईहून तिथे गेले. मी तिथेच जन्मले. जूनच्या अखेरीस पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली पंखवाले मुंगळे जमायचे. शेजारच्या आंटी म्हणायच्या, "चींटों के पर निकल आए!" म्हणजे यांचे दिवस भरले. नरांच्या बाबतीत ते खरंच असतं. राणी मात्र मीलनानंतर खाली उतरते, स्वतःचे पंख स्वतःच पाडून टाकते आणि बीळ करायला जागा शोधत एकटी फिरते.

एफ.वाय. संपल्यावरच्या सुट्टीत मी अशी एक राणी पकडली. या कुळाला इंग्रजीत सुतार मुंग्या म्हणतात. आईला लगेच संत योसेफ आठवला. पण आपला काळा मुंगळा सुतारकाम करतच नाही, तो झाडाच्या बुंध्याशी जमिनीत घर करतो. थंड देशांतली त्याची भावंडं लाकूड पोखरतात, तीसुद्धा फक्त राहायला. लाकूड खात नाहीत. फाब्रिसियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने या मुंगळ्याचं शास्त्रीय वर्णन 1787 साली केलं. त्यात माझ्या कामाचं काही नव्हतं. मला हवं होतं ते एवढंच : काचेची नळी, तळाशी पाणी, पाण्यापुढे कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी पुन्हा कापूस. आणि अंधार. तिला खायला द्यायचं नाही. उडायचे स्नायू आता तिच्या उपयोगाचे नसतात, ते अंगातच विरघळतात आणि त्यावरच ती पहिल्या अळ्या वाढवते.

मी दिवसातून दहादा टॉर्च मारून बघायचे. चौथ्या दिवशी सहा अंडी दिसली. सहाव्या दिवशी एकही नाही. घाबरलेली राणी आपलीच अंडी खाते, हे मला नंतर कळलं. तिला मी अंगणात सोडून दिलं. पुढच्या पावसात दुसरी मिळाली, पण दोन दिवसांनी मला मुंबईला निघायचं होतं. नाताळच्या गोठ्याच्या मूर्ती ज्या खणात असतात तिथे नळी ठेवली. आई म्हणाली, "मी हात लावायची नाही हं, आधीच सांगते." आणि तिने खरंच लावला नाही. आईला मुंग्यांची किळस होती म्हणून ती राणी वाचली, असं मी आजही म्हणते.

15 ऑगस्टला, मरियेच्या सणाला, मेणबत्त्या शोधताना आईने खण उघडला. फोन आला : "बाय, त्या नळीत आता पाच जणी आहेत. एवढ्या एवढ्याशा." पहिल्या कामकरी मुंग्या बारीकच असतात, उपाशी आईच्या. मी फोनवर सांगत गेले आणि आई करत गेली. सुईच्या टोकावर मधाचा थेंब, मारलेला डास, कधी उकडलेल्या अंड्याचा बलक. महिनाभरात ती मला सांगायला लागली की एकीने मध पिऊन पोट भरलं आणि मग दुसऱ्यांच्या तोंडाला तोंड लावून वाटून टाकलं. "तुझ्या भावाला शिकव म्हणावं," असंही.

दिवाळीच्या सुट्टीत मी माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत प्लास्टर ऑफ पॅरिसचं घर ओतलं. कडेला वरून स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर लावली. ती सुकली की मुंगळ्यांचे पाय घसरतात. वर्षभराने मोठ्या डोक्याच्या मुंगळ्या दिसू लागल्या. दीडशेच्या पुढे मी मोजणं सोडून दिलं.

मग मागचा नाताळ. रात्री खायला घालताना मी टाकीचं झाकण ठेवायला विसरले. पावडरही बऱ्याच ठिकाणी निघाली होती. करंज्या झालेल्या, म्हणून आईने नेहमीसारखी ओट्याभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली होती. सकाळी रेघेपाशी चाळीसएक मुंगळे पडले होते, काहींचे पाय अजून हलत होते. जे कसेबसे परत पोचले ते टाकीत मेले. उरलेल्या मुंगळ्यांनी त्यांना ओढत नेऊन एका कोपऱ्यात ढीग घातला, त्यांच्या कचऱ्याच्या ढिगाशेजारीच. आई ओट्याशी उभी राहून सारखी म्हणत होती, "मी तर रोजच्यासारखीच ओढली रे देवा." चूक माझी होती. तिने ते मला एकदाही म्हटलं नाही, आणि त्यानंतर आमच्या घरात खडू आला नाही.

त्याच सुट्टीत मी एरिख वासमान या जेझुइट फादरबद्दल वाचलं (1859-1931). मुंग्यांच्या वारुळात पाहुण्यासारखे राहणारे किडे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मुंग्या आपलं-परकं अंगाच्या वासावरून ओळखतात. पण काही भुंगेरे अंगातून असा काही स्राव सोडतात की मुंग्या तो चाटतात, त्यांना घरात घेतात, भरवतात, त्यांच्या अळ्यासुद्धा सांभाळतात. मला हसू आलं. भोपाळला आम्ही मराठी, वसईला भोपाळवाले, कॉलेजात माझं मराठी ऐकून मैत्रिणी विचारतात, "तू हिंदीतून विचार करतेस का?" माझा स्राव कुठेच पुरा पडत नाही.

एप्रिलअखेर पप्पा रिटायर होणार आणि क्वार्टर सोडायचं, हे ठरलेलंच होतं. सगळे म्हणत होते, "चला, आता गावी परत." पप्पांसाठी ते परत होतं. मला एकवीस वर्षांत वसई म्हणजे मे महिना आणि लग्नं एवढीच माहीत. पप्पा म्हणाले, टाकी घेऊन जाऊ, ट्रकमध्ये जागा आहे. मी नाही म्हटलं. जिथली वसाहत तिथेच सोडायची असते. दुसरीकडे नेली की सोबत कुठला रोग, कुठला किडा जाईल सांगता येत नाही. खरं सांगू? हे कारण बरोबर आहे, पण मला फक्त तेच वाटत नव्हतं. आमच्यातल्या कुणीतरी बरखेड्यात राहावं असं वाटत होतं. राणी दहा वर्षांहून जास्त जगू शकते.

आईने जागा शोधली. मागच्या गल्लीतला कडुनिंब, जवळपास दुसरं बीळ नाही, ऊन सकाळचंच. संध्याकाळी आम्ही प्लास्टरचं घर बुंध्याशी ठेवलं आणि झाकण काढलं. उजेड आत जाताच गडबड उडाली. थोड्या वेळाने मुंगळ्या पांढरे कोश जबड्यात धरून मुळांमधल्या फटीत उतरू लागल्या. आई पाटावर बसून बघत होती. अंधार पडला तरी राणी निघाली नव्हती. "आपण बघतोय म्हणून येत नसेल," आई म्हणाली आणि मला उठवून आत घेऊन गेली. सकाळी प्लास्टरमध्ये फक्त रिकामे कोश होते.

चौथ्या दिवशी सामान गेलं, पप्पांनी किल्ल्या दिल्या.

मागच्या आठवड्यात आंटींनी मोबाइलवर फोटो पाठवला. कडुनिंबाचा बुंधा, त्यावर चढणारी काळी रांग, फोटो जरा हललेला. खाली लिहिलं होतं, "तुम्हारे वाले." आई चष्मा लावून फोटो मोठा करकरून बघत होती. ते आमचेच की दुसरे कुणाचे, फोटोवरून कळत नाही.