तिऱ्हाईताची साक्ष

घरांतील इस्त्री, मिक्सर किंवा टेबलावरचा पंखा उलटा करून पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाहीं. घेतलीच तर बुडाशीं चिन्हांची मोठी दाटी आढळते. वर्तुळांत कोंडलेलीं दोन अक्षरें, एका चौकोनाच्या पोटांत दुसरा चौकोन, एक उभी रेघ आणि तिच्याखालीं उत्तरोत्तर आंखूड होत गेलेल्या तीन आडव्या रेघा. उपाध्यायांनीं म्हटलेल्या मंत्रांचा अर्थ जसा कोणी विचारीत नाहीं, तसा ह्यांचाही विचारीत नाहीं. तीं असलीं म्हणजे झालें, अशी आपली एकंदर समजूत.

ह्यांतील कांहीं चिन्हें वस्तूची घडण सांगतात. चौकोनांतला चौकोन म्हणजे विजेला अडविणारें आवरण दुहेरी आहे. एक फाटलें तरी दुसरें राखील, म्हणून अशा वस्तूला जमिनीशीं जोडणारी तार लागत नाहीं. त्या आंखूड होत जाणाऱ्या रेघा नेमक्या त्या तारेच्या. आपल्याकडील तीन पिनांच्या प्लगची वरची पिन इतर दोहोंहून जाड व लांब असते, ती उगीच नव्हे. जमिनीशीं नातें सर्वांच्या आधीं जुळावें आणि सर्वांच्या मागून सुटावें, ही त्यांतली योजना.

आमचें कुतूहल मात्र दुसऱ्या जातीच्या चिन्हांविषयीं आहे. तीं घडण सांगत नाहींत. ही वस्तु कोणीतरी तपासली आहे, एवढीच साक्ष देतात. हा कोणीतरी कोण, आणि त्याला ही उठाठेव कोणी सांगितली?

१८९३ सालचें शिकागो आपणांस ठाऊक आहे तें स्वामी विवेकानंदांच्या व्याख्यानामुळें. ज्या प्रदर्शनाच्या निमित्तानें ती सर्वधर्मपरिषद भरली, त्याच प्रदर्शनांत आमच्या ह्या चिन्हांच्या एका मोठ्या शाखेचें मूळ आहे. कोलंबसाच्या सफरीस चारशें वर्षें झाल्याचा तो उत्सव. पांढरेशुभ्र प्रासाद उभारले होते. पण त्यांचें शुभ्रत्व म्हणजे सांगाड्यावर चढविलेला प्लॅस्टर व ताग यांचा लेप. अशा इमारतींतून विजेच्या तारा खेळविलेल्या आणि रात्रीं लखलखाट! पाहणारे थक्क झाले. पण आगीचा विमा उतरविणाऱ्यांची झोंप उडाली असल्यास नवल नाहीं. तेथील विजेच्या कामाची तपासणी करण्यासाठीं बोस्टनचा एक तरुण इंजिनियर आला. त्याचें नांव विल्यम हेन्री मेरिल. प्रदर्शन आटोपलें, पण मेरिल शिकागोसच राहिला. विमेवाल्यांच्या पाठबळानें अवघ्या ३५० डॉलरांचें साहित्य जमवून त्यानें प्रयोगशाळा थाटली, आणि २४ मार्च १८९४ रोजीं पहिल्या तपासणीच्या अहवालावर सही केली. १९०१ सालीं ह्या उद्योगास 'अंडररायटर्स लॅबोरेटरीज' असें रीतसर नांव मिळालें. अंडररायटर म्हणजे विम्याची जोखीम पत्करणारा. वर्तुळांतील 'यू. एल.' हीं अक्षरें त्याच नांवाचीं.

तेव्हां ह्या कल्याणकारी चिन्हाच्या मुळाशीं भूतदया नव्हती. घर जळालें तर पैसे आपणांस मोजावे लागतील, ही चिंता होती. कोणास हें वाचून जरा विरस वाटेल. आम्हांस उलट वाटतें. विकणारा आपल्या मालाची स्तुति करणारच, तो त्याचा धर्म. घेणाऱ्यास कळत नाहीं. अशा वेळीं ज्याला वस्तु खपण्यांत लाभ नाहीं, पण ती पेटली तर तोटा मात्र आहे, त्याच्याहून खरा साक्षी कोठें मिळावा?

कळत नाहीं असें आम्ही म्हटलें, त्यांत ग्राहकाची निंदा नाहीं. आपल्या आज्या बाजारांत कांहीं कमी चोखंदळ नव्हत्या. मडकें टिचकी मारून घ्यायचें, आंबा देंठाशीं हुंगायचा, गव्हाचा दाणा दांताखालीं धरायचा आणि सोनें दुसऱ्या सराफाकडे कसास लावायचें. पण विजेपुढें हीं सारीं इंद्रियें हतबल आहेत. चांगली तार आणि घातकी तार दिसायला सारखीच, वासालाही सारखीच. स्पर्श करून फरक ओळखणारा तो फरक सांगावयास उरेलच असें नाहीं.

युरोपांतील 'सी. ई.' ह्या अक्षरांकडे आम्ही म्हणूनच किंचित् सावधपणें पाहतों. घरगुती विजेच्या बहुतेक वस्तूंवर तीं अक्षरें बनविणारा स्वतःच उमटवितो. आपला माल नियमांस धरून आहे, असें त्याचें तें प्रतिज्ञापत्र. खोटें ठरल्यास कायदा आहे, हें खरें. तरी परीक्षार्थ्यानेंच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तशांतला हा प्रकार आम्हांस वाटतो.

आपल्याकडे साक्षीचें काम सरकारप्रणीत संस्थेनें पत्करलें. भारतीय मानक संस्था १९४७ च्या जानेवारींत, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीं, स्थापन झाली. तिच्या शिक्क्याचा कायदा १९५२ चा. १९८७ सालीं संस्था जाऊन तिच्या जागीं भारतीय मानक ब्यूरो आला, पण 'आय. एस. आय.' हीं जुन्या संस्थेचीं आद्याक्षरें शिक्क्यावर तशींच राहिलीं. तीं सर्वांच्या ओळखीचीं आहेत. परंतु त्यांच्यावर मानकाचा क्रमांक असतो आणि खालीं बनविणाऱ्याच्या परवान्याचा, हें फार थोडे पाहतात. नुसतीं अक्षरें कोणीही छापील. साक्षीदाराचा पत्ता त्या खालच्या आंकड्यांत आहे.

मागें एका दुकानांत पाणी तापविण्याचा रॉड घेण्याचा प्रसंग आला. दुकानदारानें पुढें केलेल्या खोक्यावर तीं तीन अक्षरें ठळक होतीं. खालीं कोरी जागा. आम्हीं परवान्याचा क्रमांक विचारला. हल्लीं ब्यूरोच्या ॲपवर तो घालून पाहिला कीं परवाना कोणाचा व कशाचा तें कळतें, हेंही सांगितलें. गृहस्थानें एकवार आमच्याकडे पाहिलें, खोकें निमूटपणें गल्ल्याखालीं सारलें आणि मुलाला माळ्यावरचें दुसरें काढावयास सांगितलें. त्यावर क्रमांक होता. किंमत जवळजवळ दुप्पट होती.

"साहेब," सुटे पैसे मोजतां मोजतां तो म्हणाला, "इतक्या वर्षांत खालचा आंकडा कुणी विचारला नव्हता."

पहिलें खोकें त्यानें पुन्हा फळीवर मांडलें कीं नाहीं, हें पाहण्यास आम्ही थांबलों नाहीं.